शेळ्यांचे जंत आणि निकामी होत चाललेलीं औषधें

पावसाळा सरत आला म्हणजे गोराई-मनोरीच्या खाचरांपासून आरे वसाहतींतील पाड्यांपर्यंत, शेळ्या बाळगणाऱ्यांच्या तोंडीं एक तक्रार हटकून येते : जंताचें औषध पाजलें, पण गुण आला नाहीं. या तक्रारीवर निदानेंही ठरलेलीं आहेत. कोणी म्हणतो औषध नकली. कोणी म्हणतो मात्रा थोडी पडली, पुन्हां पाजा. औषध क्वचित् नकलीही असेल. परंतु प्रस्तुत लेखकाचें मत असें आहे कीं, खरा दोष बहुधा बाटलींत नसून आपल्या पाजण्याच्या रीतींत आहे. आणि ती रीत बदलली नाहीं तर पुढील पिढीच्या हातीं एकही उपयोगी औषध राहणार नाहीं.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊं. आपल्या दमट मुलखांत शेळीचा मुख्य वैरी म्हणजे तिच्या चौथ्या पोटांत राहणारा हिमोंकस नांवाचा रक्त शोषणारा कृमि होय. त्याची मादी दिवसाला पांच ते दहा हजार अंडीं घालते. तीं लेंड्यांबरोबर बाहेर पडतात. ऊब व ओल मिळाली म्हणजे आठवडाभरांत त्यांतील अळ्या गवतावर चढण्याजोग्या होतात आणि चरतांना शेळीच्या पोटांत जातात. सांताक्रूझ येथें चार महिन्यांत सरासरीनें २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेव्हां अळ्यांस याहून सोयीची जागा ती कोणती ? एक कृमि दिवसाला रक्ताचा थेंबभरच वांटा घेतो. पण हजार कृमि झाले म्हणजे सुमारें ५० मिलिलिटर रक्त रोज जातें. तीस किलोच्या शेळीच्या अंगांत तें सारें मिळून दोनेक लिटर असतें. मग डोळ्यांच्या कडा पांढऱ्या पडतात, जबड्याखालीं पाणी उतरतें, आणि धडधाकट दिसणारें जनावर चार दिवसांत आडवें होतें.

आतां औषध कां चालत नाहीं तें पाहूं. लाखों कृमींत कांहीं थोडे जन्मतःच औषधाला दाद न देणारे असतात. औषध पाजलें कीं इतर मरतात व हे उरतात. पुढें अंडीं यांचींच पडतात. हा प्रकार नवा नाहीं. फिनोथायझिन या जुन्या औषधाला दाद न देणारे कृमि अमेरिकेंत १९५७ सालीं आढळले. थायबेंडाझोल १९६१ सालीं बाजारांत आलें, आणि १९६४ सालीं त्याचीही तीच गत नोंदली गेली. आपल्या देशांत १९७६ सालीं मेंढ्यांतील हिमोंकसाविषयीं या दोन्ही औषधांबाबत तशीच नोंद छापून आली. आयव्हरमेक्टिन १९८१ सालीं आलें. त्याच्या शोधाबद्दल पुढें २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण दक्षिण आफ्रिकेंतील हिमोंकस १९८७ पूर्वींच त्याला पुरून उरूं लागला होता. मोनेपँटेल हें अगदीं नवें औषध २००९ सालीं निघालें, तर २०१३ सालीं न्यूझीलंडांत शेळ्या-मेंढ्यांच्या एका शेतावर तेंही लटकें पडलें. सारांश, नवें औषध येईल व आपल्याला तारील या भरंवशावर राहणें शहाणपणाचें नाहीं.

आपल्या रीतींतील दोष मुख्यतः तीन आहेत.

पहिला दोष अर्धवट मात्रेचा. महसुली नोकरींत नजरेनें ठरविलेल्या आणेवारीवरून किती तंटे उठतात हें लेखकानें पुष्कळ पाहिलें आहे. शेळीचें वजन नजरेनें ठरविणें हा त्याच जातीचा कारभार होय. चाळीस किलोच्या शेळीला पंचवीस किलोची मात्रा दिली कीं दुबळे कृमि मरतात व चिवट राहतात. त्यांत आणखी एक गोष्ट अशी कीं, मेंढीपेक्षां शेळीच्या शरीरांतून औषध लवकर निघून जातें. म्हणून मेंढीच्या हिशेबानें दिलेली मात्रा शेळीला अपुरीच पडते. अल्बेंडाझोल व फेनबेंडाझोल यांची मात्रा शेळीला मेंढीच्या सुमारें दुप्पट व लेव्हामिसोलची दीडपट द्यावी, असें जाणते सांगतात. मात्र लेव्हामिसोल अधिक झाल्यास विषबाधा होते, आणि गाभण शेळीला पहिल्या महिन्यांत अल्बेंडाझोल देऊं नये. म्हणून आधीं तराजू, मग पशुवैद्याचा सल्ला, आणि त्यानंतर बाटली, हाच क्रम ठेवावा.

दुसरा दोष नांवाला भुलण्याचा. यंदा अल्बेंडाझोल पाजलें, पुढील वर्षीं फेनबेंडाझोल आणलें, आणि आपण औषध बदललें असें समाधान मानलें. पण हीं दोन्हीं एकाच कुळांतलीं आहेत. एकाला न जुमानणारा कृमि दुसऱ्यालाही जुमानत नाहीं. लेव्हामिसोल व आयव्हरमेक्टिन यांचीं कुळें निराळीं. बाटली घेतांना वरचें व्यापारी नांव न पाहतां आंतील औषधाचें नांव वाचावें. भातखाचरांतील गोगलगाईंपासून होणारा यकृताचा चपटा कृमि तर निराळाच; त्यावर आयव्हरमेक्टिन कितीही पाजलें तरी व्यर्थ होय.

तिसरा दोष सर्वांत मोठा, आणि तोच पुष्कळांना गुण वाटतो. तो म्हणजे ठरल्या तारखेला साऱ्या कळपाला सरसकट औषध पाजणें. असें केलें म्हणजे रानांत जीं अंडीं पडतात तीं केवळ चिवट कृमींचीं. कांहीं निरोगी शेळ्या तशाच सोडल्या तर त्यांच्या पोटांतील साध्या कृमींचीं अंडीं रानांत मिसळतात, आणि चिवट वंश पातळ होतो. औषध देऊन लागलीच कळप स्वच्छ रानांत हलवावा, असा जुना उपदेश आहे. तोही याच कारणानें आतां घातक ठरला आहे.

यावर वाचक विचारतील कीं, औषधावांचून ठेवलेली शेळी दगावली तर भरपाई कोण देणार ? हा प्रश्न रास्त आहे. दक्षिण आफ्रिकेंत गेल्या शतकाच्या अखेरीस फमाचा नांवाचा एक रंगपट तयार झाला, तो याच अडचणीवर तोडगा आहे. शेळीची खालची पापणी उलटून आंतील रंग पाहावा; लाल ते पांढरा असे पांच दर्जे त्या पटांत आहेत. फिकट पापणीच्या शेळीला औषध, लाल पापणीच्या शेळीला सूट. पावसाळ्यांत ही पाहणी दर आठ-दहा दिवसांनीं व्हावयास हवी. करडें व नुकत्या व्यालेल्या शेळ्या यांच्याबाबत विशेष सावध असावें. पाहणी चुकविणाऱ्यानें मात्र ही पद्धत हातीं धरूं नये.

औषध लागू पडतें कीं नाहीं याचा निवाडाही तर्कानें न करतां पुराव्यानें करावा. औषधाच्या दिवशीं व पुढें १० ते १४ दिवसांनीं त्याच शेळ्यांच्या लेंड्या तपासून अंडीं मोजावीं. अंडीं शेंकडा ९५ पेक्षां कमी घटलीं तर तें औषध आपल्या रानांतील कृमींस लागू पडेनासें झालें, असा संशय धरावा. परळचें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालापासून आपल्या दाराशीं आहे. एकट्यादुकट्यानें तेथें जाण्यापेक्षां संस्थेनें गांववार नमुने गोळा करून तपासणीची विनंती करावी, एक तराजू घ्यावा, आणि प्रत्येक सभासदानें शेळीवार नोंदवही ठेवावी. सातबारा जपणाऱ्या शेतकऱ्याला हें जड नाहीं. जिला वारंवार औषध लागतें अशी शेळी नोंदींत आपोआप उघडी पडेल. तिचीं करडें वंशाला ठेवूं नयेत. फलटणच्या निंबकर संस्थेनें मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांवरूनही कृमींशीं टिकाव धरण्याचा गुण रक्तांतून उतरतो असें दिसून आलें आहे.

देवनारच्या अगर परजिल्ह्यांतील बाजारांतून आणलेलें जनावर निराळें बांधून, पशुवैद्याकडून दाखवूनच कळपांत सोडावें. नाहींतर परक्या गांवचा चिवट कृमि आपण पैसे मोजून घरीं आणतों.

औषध हें गांवच्या विहिरीसारखें आहे. एकानें घाण केलें तरी पाणी साऱ्यांचेंच बिघडतें. एका कुंपणापलीकडच्या शेळ्या दुसऱ्याच्या बांधावर चरतात, तेव्हां माझ्या कळपाशीं इतरांस काय काम, असें म्हणण्याचा अधिकार कोणासही उरत नाहीं. येत्या मृगापूर्वीं संस्थेच्या सभेपुढें हा विषय यावा, एवढीच विनंती आहे.