मगदूम म्हणजे कोण?



या वेळी भाजणीबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. पण गेल्या पंधरा दिवसांत घरात एकच विषय चाललाय, तो आधी सांगते.

माझा पुतण्या अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. लग्न झालं, म्हणून दोघांसाठी भाड्याचं घर बघत होता. स्टेशनजवळ एक वन बीएचके मिळत होतं. एजंटनं आधीच सांगितलं होतं, मालकाला शाकाहारी कुटुंब पाहिजे, जैन असेल तर उत्तमच. आम्ही म्हटलं, झालंच की काम! पुतण्यानं नाव पाठवलं. अर्ध्या तासानं एजंटचा फोन, "सॉरी, मालक मगदूम लोकांना देत नाहीत." का, ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

फोन मी हिसकावून घेतला आणि म्हणाले, "अहो, आम्ही जैन आहोत! मगदूम जैन असतात!" पलीकडचा हसला. म्हणाला, "मॅडम, जैन म्हणजे शाह, मेहता, जैन. मगदूम कधी ऐकलं नाही."

आमची ही नेहमीचीच कथा. बदलापूरला येऊन मला 21 वर्षं झाली. इथं जैन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं गुजराती किंवा मारवाडी घर येतं. देरासरात पहिल्यांदा गेले तेव्हा एका बाईंनी प्रेमानं विचारलं, "तुम्ही नंतर जैन झालात का?" घरी आम्ही मंदिराला बस्ती म्हणतो. एकदा शेजारणीला सांगितलं, "गावी आमची बस्ती पाचशे वर्षं जुनी आहे," तर तिला वाटलं मी झोपडपट्टीबद्दल बोलते आहे. तुमच्यातल्या पाटील, चौगुले, खोत, बोरगावे असणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण या वेळी पुतण्यानं मनावर घेतलं. रात्री जेवताना म्हणाला, "काकू, मी गॅझेट करून आडनाव जैन करून घेतो. कटकट संपेल." माझे दीर गप्प. जाऊबाई म्हणाल्या, "करू दे की, त्यात काय बिघडलं?" त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. पंधरा दिवस शोधत होते, ते आज लिहिते.

आधी आडनावाचं कूळ सांगते. मगदूम हे फार मोठ्या प्रदेशातलं आडनाव नाही. कोल्हापूर, सांगली आणि सीमेपलीकडचा बेळगाव जिल्हा, एवढा आमचा पट्टा. पंचगंगा, कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा यांच्या काठची काळी जमीन, ऊस आणि तंबाखू. जयसिंगपूरचं डॉ. जे. जे. मगदूम अभियांत्रिकी महाविद्यालय तिकडच्या सगळ्यांना माहीत आहे. पुण्याच्या पुढं गेलं की मात्र हे नाव विरळ होत जातं आणि कल्याणला पोचेपर्यंत लोक स्पेलिंग विचारू लागतात. महालक्ष्मी एक्स्प्रेस रोज आमच्या बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर स्टेशनांवरून न थांबता जाते. आमचं आडनाव त्याच गाडीनं आलं आणि कल्याणला उतरून लोकलनं मागं फिरलं, असं मी गमतीनं म्हणते.

त्या पट्ट्यातसुद्धा हे फक्त जैनांचं नाही. मगदूम मराठा आहेत, लिंगायत आहेत, जैन आहेत. एकाच गावात तीन प्रकारचे मगदूम असतात, कुणाचं कुणाशी नातं नसतं आणि कुणाला त्याचं नवलही वाटत नाही. कारण हे आडनाव मुळात जातीचं नाहीच, मानाचं आहे. अरबीत खिदमत, खादिम, मखदूम हे एकाच धातूचे शब्द आहेत. खादिम सेवा करतो, मखदूम ज्याची सेवा होते तो, म्हणजे मानकरी, धनी. काही जण म्हणतात, मगदूम हे मुकद्दमचं रूप आहे, म्हणजे गावचा पुढारी. जुन्या मराठी कागदांत पाटलाला मोकदम म्हटलेलं सापडतं, त्यामुळं ही व्युत्पत्तीही पटण्यासारखी वाटते. पण माझा कान मखदूमच्या बाजूनं आहे. मगदूम मधला 'दू' दीर्घ आहे, तो मखदूम मध्ये आहे, मुकद्दम मध्ये नाही. शिवाय मुकद्दमचे मोकदम आणि मुकादम असे आपले आपले वंशज मराठीत आहेतच, त्यांना तिसरं मूल कशाला चिकटवायचं?

हा शब्द आमच्या गावाकडं आला तो राज्यकारभाराच्या फारसीतून. 1490 ते 1686 विजापूरची आदिलशाही होती आणि आमचा सगळा मुलूख बराच काळ तिच्याखाली होता. राज्य सुलतानाचं, पण गाव चालवायचा तो गावातलाच शेतकरी. त्या भागात शेतकरी म्हणजे बरेचदा जैन. म्हणून तर पाटील, चौगुले ही गावकामगारांची नावं आमच्यात इतकी भरली आहेत. चौगुला म्हणजे पाटलाचा मदतनीस. इनामदार, जमादार, फडणीस, चिटणीस, मुजुमदार या आडनावांत फारसी शब्द आहे म्हणून आपण कुणाचा धर्म विचारत नाही. मगदूमला मात्र विचारतो, कारण ते कमी ऐकलेलं आहे. एवढाच फरक.

पाटीलकीचं वतन 1962 च्या कायद्यानं संपलं. मान गेला, काम गेलं, आडनाव तेवढं राहिलं.

आमच्या भागातल्या आडनावांची आणखी एक खोड सांगते. बाकी महाराष्ट्रात गावापुढं 'कर' लावतात. तिकडं पुष्कळदा नुसता 'ए' लावतात. सदलग्याचे सदलगे, अक्कोळचे अक्कोळे, समडोळीचे समडोळे. आणि माणसांच्या नावापुढं 'गोंडा' असायचा: पायगोंडा, नेमगोंडा, भीमगोंडा. माझ्या आजेसासऱ्यांच्या नावातही तो होता. शाळेत मास्तरांनी काढून टाकला, म्हणून पुढच्या पिढीत गेला. कुणी विचारलंसुद्धा नाही.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडं येते. त्याला मी विचारलं, "विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरा पुन्हा उभी करणारे आचार्य शांतिसागर महाराज. त्यांचं गृहस्थपणीचं नाव काय?" त्याला माहीत नव्हतं. सातगोंडा पाटील. वडील भीमगोंडा पाटील. 1872 साली येळगूडला आजोळी जन्म, घर भोजचं, आणि 1924 मध्ये समडोळीला आचार्यपद. त्या नावात 'जैन' हा शब्द कुठंच नाही. कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील, 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढणारे, तेही आपलेच, आणि आडनाव पाटील. कोल्हापूरचे दिवाण झालेले, नंतर मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले अण्णासाहेब लठ्ठे, तेही जैन. प्राकृताचे एवढे मोठे पंडित डॉ. आ. ने. उपाध्ये सदलग्याचे. उपाध्ये म्हटलं की इथं ब्राह्मण समजतात. आमच्याकडं बस्तीत पिढ्यान् पिढ्या पूजाअर्चा करणारे ते उपाध्ये. हे सगळे आज अंबरनाथला घर बघायला आले असते, तर त्यांनाही एजंटनं विचारलंच असतं, "म्हणजे तुम्ही नक्की कोण?"

यावर पुतण्या म्हणाला, "काकू, त्यांना भाड्यानं घर नको होतं." बोलणं खरं आहे. इतिहास सांगून डिपॉझिट कमी होत नाही.

म्हणून व्यवहाराचंही बोलते. धर्म सांगायची जागा आडनाव नाही. त्यासाठी वेगळा रकाना आहे. शाळेच्या दाखल्यात, अर्जात, जनगणनेत धर्म या रकान्यात 'जैन' लिहायचं. आमच्या पिढीच्या कितीतरी दाखल्यांवर 'हिंदू-जैन' नाहीतर 'जैन चतुर्थ', 'जैन पंचम' असं काहीबाही लिहिलेलं आहे. ते नीट करून घ्यायला कुणी उठत नाही, पण आडनाव बदलायला मात्र निघालो. 27 जानेवारी 2014 ला जैन समाजाला देशपातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्या सवलतींसाठी दाखल्यावरचा धर्म बघतात. 2011 च्या जनगणनेत देशात 44,51,753 जैन मोजले गेले, त्यातले 14,00,349 एकट्या महाराष्ट्रात. त्यात पाटील किती, मगदूम किती, चौगुले किती, हे इथल्या लोकांना कळत नाही, कारण आपण सांगत नाही. आणि आपणच उद्या सगळे 'जैन' आडनावाचे झालो, तर तेव्हाही कळणार नाही.

शिवाय गॅझेट झालं की आधार, पॅन, बँक, पासपोर्ट, डिग्री, गावच्या सातबाऱ्याचा वारस, सगळीकडं दोन नावं. ज्यांनी केलंय त्यांना विचारा. आणि आपल्याला कुणाला विचारायचं? आपण सगळ्याच लग्नानंतर या रांगेत उभ्या राहिलेल्या आहोत. मी माहेरची उपाध्ये. मगदूम म्हणून सही करायला मला सहा महिने लागले, बँकेनं दोनदा चेक परत केला. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तुझं आडनाव तुला ठेवायचंय का. पुतण्याच्या वेळी मात्र सगळं घर चर्चेला बसलं! असो. हा वेगळा लेख होईल.

आता एक गोष्ट, जी लिहू की नको असं दोन दिवस वाटत होतं. एजंटला मी जे ओरडून सांगितलं, "आम्ही जैन आहोत," त्यात रागापेक्षा भीती जास्त होती. आम्हाला 'ते' समजू नका, असं मी म्हणत होते. म्हणजे त्याच आडनावाचं मुसलमान कुटुंब खरंच आलं असतं आणि त्यांना नाही म्हटलं असतं, तर मला काही वाटलं नसतं का? मुंबईतला जे. जे. हॉस्पिटलजवळचा तो मोठा उड्डाणपूल माहिमच्या मखदूम अली माहिमींच्या नावाचा आहे. त्यांच्या नावातला शब्द आणि माझ्या नावातला शब्द एकच. तो शब्द मला लपवावासा का वाटला? दर वर्षी क्षमावाणीला आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो, आणि इथं एका शब्दावरून मी माणसांच्या दोन रांगा केल्या. पुतण्यानं आडनाव बदललं असतं तर त्या मालकाचंच म्हणणं खरं ठरलं असतं. आडनाव बघून घर द्यायचं, हीच रीत आपण मान्य केली असती, फक्त आपल्यापुरती सोय लावून.

हे मला सुचलं ते उल्हासनगरला. ब्लाउजपीस घ्यायला गेले होते. तिथले म्हातारे सिंधी दुकानदार बिलावर नाव लिहिताना थांबले. म्हणाले, "मगदूम? हमारे सिंध में हाला के मखदूम होते हैं, बहुत बड़े पीर." मी म्हटलं, "मी जैन आहे, कोल्हापूरकडची." त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. उलट स्वतःच्या आडनावाची गोष्ट सांगायला लागले. त्यांच्यात शेवटी 'आणी' येतं, म्हणजे अमक्याचे वंशज. आमचं गावावरून किंवा कामावरून, त्यांचं पूर्वजावरून. म्हणाले, गाव तर फाळणीत गेलं, बरं झालं गावाचं नाव लावलेलं नव्हतं, आजोबाचं लावलेलं होतं, ते बरोबर आणता आलं. कल्याण कॅम्पच्या बराकींत त्यांचं लहानपण गेलं. ऑगस्ट 1949 मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आणि एवढं सगळं सोसून त्यांनी नाव तेवढं बदललं नव्हतं. बिलावर 'मगदूम' लिहिलं, तेही दीर्घ 'दू' काढून, बरोबर!

घरी येऊन हे सगळं पुतण्याला सांगितलं. तो लगेच पटला असं नाही. म्हणाला, "तुम्ही लेख लिहा, घर मी बघतो." जाऊबाई अजून 'जैन'च्याच बाजूच्या आहेत, त्यांना नातवंडांची शाळा आतापासून दिसतेय. त्यांचंही अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. मुलांना रोज स्पेलिंग सांगावं लागतं, त्याचा कंटाळा येतो.

शेवटी घर मिळालं ते बदलापूर पश्चिमेला, आमच्यापासून दहा मिनिटांवर. मालकीणबाईंनी दोनच प्रश्न विचारले, भाडं पाच तारखेच्या आत द्याल का आणि गच्चीवर पापड वाळत घालणार का. दोन्हीला हो म्हटलं. दारावरची पाटी त्यानंच करायला टाकली आहे, 'मगदूम' अशी. खाली बारीक अक्षरात 'जय जिनेंद्र' घाल, असं मी सुचवलं. ते तो घालणार आहे की नाही, पाटी आल्यावर कळेल.

तुमच्या माहेरचं आणि सासरचं आडनाव कुठल्या गावाचं किंवा कुठल्या कामाचं, हे घरातल्या अक्कांना, अण्णांना विचारून मला जरूर कळवा. विशेषतः ज्यांच्या घरी 'गोंडा' अजून शिल्लक आहे त्यांनी. भाजणी पुढच्या सोमवारी नक्की.