यमुना कोठें गेली ?

रेवस बंदरावर लाँचची वाट पाहणाऱ्या बायकांत सत्तरी ओलांडलेली एखादी यमुना किंवा गोदावरी अजूनहि सांपडते. तिच्या नातींत मात्र ती शोधूं नये. तेथें आर्या, स्वरा आणि अनन्या यांचें राज्य आहे. नांवाचाहि एक काळ असतो, व तो सरला म्हणून हळहळण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. परंतु यमुना हें नांव केवळ आवडीनिवडीनें मागें पडलें असें कोणी समजेल, तर तें अर्धेंच खरें होय.

देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांची यमुना १८७३ सालीं न्यायमूर्ति रानडे यांच्या घरीं आली आणि रमा झाली. कल्याणास १८६५ सालीं जन्मलेल्या जोश्यांच्या यमुनेस वयाच्या नवव्या वर्षीं सासरीं आनंदी हें नांव मिळालें. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी घेतली ती या आनंदीबाईंनीं. दोघींची कीर्ति अखंड आहे, पण यमुना कोणास ठाऊक आहे ? अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९३ सालीं विधवेशीं विवाह करून समाजाचा रोष पत्करला. त्या गोदूबाईहि लग्नांत आनंदीच झाल्या! वैधव्याची बेडी तोडणाऱ्या घरासहि ही रीत मोडावीशी वाटली नाहीं. या थोर पुरुषांचा अधिक्षेप आम्हांस करावयाचा नाहीं. रूढि किती खोल मुरते, एवढेंच दाखवावयाचें आहे.

कोणी शास्त्राकडे बोट दाखवील. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत नक्षत्र, वृक्ष वा नदी यांचें नांव धारण करणारी वधू वर्ज्य सांगितली आहे. तरीहि महाराष्ट्रानें गंगा, यमुना, गोदा, कृष्णा पिढ्यान्‌पिढ्या घरोघर नांदविल्याच ना ? वचन गैरसोयीचें झालें कीं तें गुंडाळून ठेवण्याचें धैर्य आपणांत आहे. मग ताटांतील तांदुळांवर अंगठीनें नवें नांव लिहिण्याची चालच तेवढी अढळ कां ? कायद्याचें म्हणावें, तर १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत वधूनें नांव बदलावें असें एकहि कलम नाहीं.

याच्या उलट एक नांव असें होतें कीं तें पुसण्यासाठीं समारंभ करावा लागला. पुढें तरी मुलगा व्हावा या आशेनें मुलीस ‘नकुसा’ म्हणण्याची चाल होती. २०११ च्या ऑक्टोबरांत साताऱ्यास अशा २८५ मुलींस नवीं नांवें देण्यांत आलीं. हें कृत्य योग्यच झालें. पण त्याच वर्षींच्या खानेसुमारींत महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें मुली ८९४ भरल्या. दहा वर्षांपूर्वीं त्या ९१३ होत्या. कागदावरील नकुसा पुसली गेली, घरांतील नकोसेपण राहिलें.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत बापाच्या आधीं आईचें नांव लिहावें, असें महाराष्ट्र सरकारनें ठरविलें आहे. निर्णय स्तुत्य आहे. परंतु तेथें चढणारें नांव माहेरचें कीं तांदुळांतलें ? आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं येत्या लग्नसराईंत सून यावयाची आहे, त्यांनीं ताट पुढें करण्यापूर्वीं मुलीस स्वतः विचारावें. आणि ती नको म्हणाली, तर तिचें जन्मनांवच तांदुळांवर लिहावें.