विश्लेषण : भूकंपाच्या भेगेवरच शंभर वर्षांचे स्टेडियम! बर्कले त्याची किंमत अजून का मोजत आहे?

अमेरिकेतील बर्कले म्हटले की आपल्याकडे अभियांत्रिकीचे प्रवेश आठवतात. याच विद्यापीठाचे ‘मेमोरियल स्टेडियम’ २०२३मध्ये शंभर वर्षांचे झाले. हेवर्ड ही सक्रिय भ्रंशरेषा या फुटबॉल मैदानाखालून, जवळपास एका गोलपोस्टपासून दुसऱ्यापर्यंत जाते.

डोंगराच्या कुशीत कसे आले?

पहिल्या महायुद्धात प्राण गमावलेल्या कॅलिफोर्नियावासीयांचे स्मारक म्हणून ते बांधले गेले. जागा निवडली स्ट्रॉबेरी कॅनियन या दरीच्या तोंडाशी. पूर्वेकडील आसने डोंगर खोदून उतारावरच बसवली, पश्चिमेला काँक्रीटची भिंत उभारली आणि तिथला ओढा जमिनीखालून नेला. २४ नोव्हेंबर १९२३ रोजी पहिल्याच सामन्यात यजमानांनी स्टॅनफर्डला ९-० असे हरवले. वरच्या टेकडीवरून सामना फुकट दिसतो, म्हणून तिचे नाव ‘टाइटवॉड हिल’, अर्थात कंजुषांची टेकडी!

धोका ठाऊक नव्हता का?

होता. या रेषेवर १८६८मध्ये मोठा भूकंप झाला होता. म्हणूनच स्टेडियम अखंड न बांधता मध्ये सांधे सोडले गेले. पण ही रेषा भूकंपाविनाही वर्षाला काही मिलिमीटर सरकते. ऐकायला किरकोळ वाटते. शंभर वर्षांत मात्र सांध्याच्या दोन बाजूंत सुमारे फूटभर फरक पडला. इथे मोठे भूकंप सरासरी दीडशे वर्षांनी होतात, आणि तेवढा काळ केव्हाच उलटला आहे.

मग दुरुस्ती कशी केली?

सक्रिय भ्रंशावर नवे बांधकाम करण्यास राज्याच्या १९७२च्या कायद्याने बंदी आहे. जुन्या वास्तूवरही मूल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त खर्च करता येत नाही. साहजिकच स्टेडियमचे मूल्य किती, हा वाद न्यायालयात गेला. शेजारच्या सराव केंद्रासाठी ओक वृक्ष तोडू नयेत म्हणून आंदोलक डिसेंबर २००६पासून २१ महिने झाडांवर राहिले. झाडे अखेर गेलीच.

स्टेडियम २०१२मध्ये नव्याने खुले झाले. भ्रंशावरील आसनांचे भाग आता बाकीच्या बांधकामापासून सुटे आहेत. त्यांच्याखाली वाळू-खडी आणि प्लास्टिकचे थर आहेत. जमीन सरकली तर हे भाग न मोडता तिच्यासोबत सरकावेत, ही कल्पना. कागदावर ती उत्तम आहे; खरी परीक्षा अजून व्हायची आहे.

पैशांचे गणित कुठे चुकले?

खर्च आला ३२ कोटी १० लाख डॉलर. चांगल्या जागांचे हक्क चाहत्यांना दीर्घ मुदतीसाठी विकून तो भागवायचा होता. मंदीमुळे विक्री रखडली आणि कर्ज उरले. त्यातील काही रोख्यांची मुदत थेट पुढच्या शतकात संपते. क्रीडा विभागाला भार पेलेना, तेव्हा विद्यापीठाने कर्जाचा मोठा हिस्सा आपल्याकडे घेतला. पुढे ‘पॅक-१२’ ही पश्चिम किनाऱ्यावरील संघांची जुनी लीग फुटली. २०२४पासून बर्कलेचा संघ पूर्व किनाऱ्याच्या ‘एसीसी’ लीगमध्ये खेळतो. तिथे प्रक्षेपणाच्या पैशांत सुरुवातीची काही वर्षे पूर्ण वाटा नाही. दूरच्या प्रवासाचा खर्च आहेच.