दोन फोन, एक शहर

गेल्या वर्षी याच पानावर अलॉटमेंटमधल्या मेथीबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर तुमच्यापैकी काहींनी बिया मागून नेल्या आणि एका वहिनींनी महिन्याभराने तक्रार केली की उगवला तो पालक. तेव्हा यंदा बियांचा विषय नको. यंदा शुक्रवारच्या संध्याकाळचा विषय.

जानेवारीतली गोष्ट. लेक रविवारी जेवायला आली होती. ती आता मैत्रिणींबरोबर पेकमला राहते, म्हणजे आमच्या हॅरोपासून लंडनच्या पार दुसऱ्या टोकाला. बोलता बोलता मी म्हणाले, "हिवाळ्यात या शहरात काही म्हणून नसतं बाई. ग्रुपवर तीन आठवड्यांत एक पोस्टर आलं नाही." ती जेवायची थांबली. "आई, तू सत्तावीस वर्षं लंडनमध्ये राहतेयस ना?" मग तिने माझा फोन मागितला, स्वतःचा त्याच्या शेजारी टेबलावर ठेवला आणि दोन्हींवर तेच शब्द टाइप केले: या शनिवारी लंडनमध्ये काय आहे.

माझ्या फोनने दाखवलं: सरोदची मैफल, वेंब्लीत साड्यांचं प्रदर्शन, एका हिंदी गायकाचा मोठा कार्यक्रम (तिकिटाचा आकडा वाचून आमच्या ह्यांनी चष्मा काढून पुसला), आणि गुडघेदुखीवर एक व्याख्यान. तिच्या फोनवर: डाल्स्टनमध्ये जॅझ, मातीची भांडी करायचा वर्ग, कुणाच्या तरी घरी श्रीलंकन जेवण, जुन्या सिनेमांची रात्र. शहर तेच, शनिवार तोच. दोन्हीकडे सापडेल असं एकही नाव नव्हतं. "तुझा फोन पासष्ट वर्षांचा झालाय," ती म्हणाली. मी अजून साठीची नाही, हे नोंदवून ठेवते.

तिने समजावलं ते थोडक्यात असं, की आपण ज्यावर बोट ठेवतो तसलंच फोन पुन्हा आणून देतो. मी एकदा सरोद ऐकली की तो मला जन्मभर सरोद दाखवणार. मला त्याचं काही वाटू नये, कारण सरोद मला आवडते. पण त्या दिवशी वाटलं. आपण राहतो लंडनमध्ये आणि फोन दाखवतो ते आपल्याच गल्लीचं चित्र.

जुन्या मंडळींना 'टाइम आउट' आठवत असेल. टोनी एलियट नावाच्या विद्यार्थ्याने १९६८ साली मावशी-आत्याकडून वाढदिवसाला मिळालेल्या पैशांत ते सुरू केलं. आम्ही आलो तेव्हा ते विकत मिळायचं, जाडजूड, बारीक अक्षरांचं. हे सिनेमाची वेळ बघायला आणायचे. सिनेमाचं पान शोधताना वाटेत नाटकं लागत, नृत्य लागे, कुठल्याशा चर्चमधलं दुपारचं फुकट वादन लागे. निम्म्या गोष्टी आम्हाला कळतही नव्हत्या आणि बहुतेक ठिकाणी आम्ही गेलो नाही (एक लहान मूल, एक पगार), पण त्या आहेत एवढं तरी ठाऊक व्हायचं. २०१२ पासून ते स्टेशनांवर फुकट वाटायला लागले आणि २०२२ मध्ये लंडनचा छापील अंक बंद झाला. आता ते फोनवरच वाचायचं. पण फोनवर आपण जे विचारतो त्याचंच उत्तर येतं. वाटेत काही लागत नाही.

तर जेवणानंतर आमचं ठरलं. महिन्यातला एक शुक्रवार दोघींचा. एका महिन्यात कार्यक्रम तिने निवडायचा, पुढच्या महिन्यात मी. नाही म्हणायचं नाही. ह्यांनी प्रेक्षक म्हणून बाहेरून पाठिंबा दिला.

पहिली पाळी तिची. डाल्स्टनमधलं तळघर, जॅझ. तिकिटावर लिहिलं होतं 'दरवाजे साडेसात'. मी आयुष्यभर मंडळाच्या कार्यक्रमांना सातचं निमंत्रण असलं की पावणेआठला पोचते, पण इथे इंग्रजांचं शहर म्हणून सव्वासातलाच दारात हजर. आत गेल्यावर कळलं की दरवाजे साडेसात म्हणजे फक्त दरवाजे. वाजवणारे आले नवाला. बसायला एकही खुर्ची नव्हती. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर शाल टाकून बसले आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण मला सॉरी म्हणून ओलांडत होता. पण मंडळी, तो ड्रम वाजवणारा मुलगा! त्याने चाल मोडत मोडत लांबवर नेली, आता परत कशी येणार म्हणेपर्यंत बरोबर जागेवर आणून सोडली, आणि माझ्या तोंडून मोठ्याने "क्या बात है" गेलं. तळघरात शांतता होती. लेकीने डोळे मिटून घेतले. त्या मुलाने मात्र मान वर करून जिन्याकडे पाहिलं आणि हसला. जॅझमध्ये दाद अशी मध्येच देतात, हे मला नंतर कळलं. आमची सवय आयती उपयोगी पडली.

दोन-चार महिन्यांत मी बरंच शिकले. ते इथे सांगते, कारण हे मला पंधरा वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं. मोठी सरकारी संग्रहालयं २००१ च्या अखेरीपासून सगळ्यांना फुकट आहेत हे आपल्याला माहीत असतं, कारण पाहुणे आले की आपण त्यांना तिथेच नेतो. पण त्यातली काही शुक्रवारी रात्रीपर्यंत उघडी असतात हे किती जणांनी वापरलंय? व्ही अँड ए शुक्रवारी दहापर्यंत असतं आणि बहुतेक महिन्यांच्या शेवटच्या शुक्रवारी तिथे तरुण कलाकारांचा काहीतरी धुमाकूळ असतो, तोही फुकट. रात्री त्या संगमरवरी पुतळ्यांमध्ये डीजे वाजत असतो. मला सगळं आवडलं असं म्हणणार नाही, पण पुतळ्यांना आवडत असावं.

उभं राहायची तयारी असेल तर हे शहर स्वस्त आहे. प्रॉम्स १८९५ पासून चालू आहेत आणि आजही अल्बर्ट हॉलमध्ये त्याच दिवशी मिळणारी उभ्याची तिकिटं आठेक पौंडांना असतात, वाद्यवृंदाच्या अगदी समोर. ग्लोबमध्ये सातशे माणसं अंगणात उभी राहून शेक्सपिअर बघतात, पाच-दहा पौंडांत. वर छप्पर नाही आणि छत्री उघडू देत नाहीत, तेव्हा रेनकोट न्या. आमच्यासारख्या गुडघेवाल्यांसाठी विगमोर हॉलची दुपारची वादनं: खुर्ची मऊ, तासाभरात मोकळे. पस्तिशीच्या आतल्यांना तिथे बऱ्याच मैफलींना पाच पौंडांत तिकीट मिळतं. हे वाचणाऱ्या मुलांनी आधी हे करून बघावं आणि मग म्हणावं की क्लासिकल महाग असतं. वेस्ट एंडच्या नाटकांसाठी लेस्टर स्क्वेअरच्या बागेशी टीकेटीएसची खिडकी १९८० पासून आहे. आजूबाजूच्या दुकानांवरही 'अर्धी किंमत' लिहिलेलं असतं, त्यांच्याकडे बघू नका. आणि कुठल्याही तिकिटाची किंमत शेवटच्या पानापर्यंत वाचा. एकदा एका तिकीटवाल्याकडे चौदा पौंडांचं तिकीट सेवाशुल्क, हाताळणी आणि आणखी कसल्याशा आकारासह अठरावर गेलं. तिकीट ईमेलने आलं होतं. हाताळलं कुणी?

खाण्याचं वेगळं सांगायला नको, त्यात आपण मागे नाही. यूस्टनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळ खाल्ली नाही असा आपल्यात कुणी नसेल. दोन मुंबईकर मित्रांनी २०१० मध्ये हाउन्स्लोत सुरू केलेला श्रीकृष्ण वडापाव आता ठिकठिकाणी आहे. पण रात्री साडेअकराला कार्यक्रम सुटल्यावर भूक लागते, तेव्हा काय? लेकीने मला ब्रिक लेनवरच्या चोवीस तास चालणाऱ्या बेगलच्या दुकानात नेलं. रांगेत टॅक्सीवाले होते, चकचकीत कपड्यांतल्या मुली होत्या, रात्रपाळीच्या नर्सा होत्या. मी क्रीम चीजचं बेगल घेतलं आणि पर्समधली लोणच्याची पुडी काढली. लेक दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली. मग तिने हात पुढे केला.

परतीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, विशेषतः आपल्या बायकांसाठी. शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर ट्यूब असते हे खरं, २०१६ मध्ये ती सुरू झाली, मध्ये कोविडात बंद पडून पुन्हा आली. पण ती पाचच लाइनवर असते आणि मेट्रोपॉलिटन त्यात नाही. हॅरो, पिनर, रेनर्स लेनच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. मी गाडी स्टॅनमोरला लावते आणि ज्युबिलीने जाते-येते. रात्री एक वाजताच्या डब्यात आजवर मला कुणी त्रास दिला नाही. एकाने एकदा चिप्स देऊ केल्या. तरीही एकटीने जावं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, मी अजून एकटी गेलेले नाही.

आता जे सांगायला हे लिहायला घेतलं, ते.

मार्चमध्ये माझी पाळी होती. मी तिला वेस्ट केन्सिंग्टनच्या भारतीय विद्या भवनात नेलं. १९७२ पासून ही संस्था लंडनमध्ये आहे, तिथे गाणं, तबला, भरतनाट्यम, सगळं शिकवतात. त्या दिवशी गाणं होतं. तानपुऱ्यावर तिच्याच वयाची एक मुलगी होती, प्रेक्षकांत बरीच तरुण गोरी मंडळी होती. कार्यक्रम रंगला. बाहेर आल्यावर वाटलं, आता ही खूश असेल. ती गप्प होती. स्टेशनजवळ म्हणाली, "हे मला आवडलं असतं. म्हणजे आधीही. कॉलेजमध्ये असताना मी असलं काहीतरी शोधत होते." मी म्हटलं, मग यायचंस. ती म्हणाली, "मला कोण सांगणार होतं?"

मी म्हणणार होते की मी सांगितलं असतं. पण मला आठवलं, मी सांगत असे ते असं: "रविवारी कार्यक्रम आहे, येणार का? नाही ना? बरं." कसला, कुठे, किती वाजता, कुणाचा, हे मी कधी सांगितलंच नाही. नाही म्हणणार असं धरूनच मी विचारत होते.

मग तिने विचारलं, "आणि मंडळाचे कार्यक्रम कुठे लिहिलेले असतात?" मी अभिमानाने ग्रुपवरचं पोस्टर दाखवलं. तिने ते निरखून पाहिलं. वर गणपती, खाली पाच प्रायोजकांचे फोटो. मजकूर सगळा मराठीत, तोही चित्राच्या आत, म्हणजे कुठल्याही फोनने शोधला तरी सापडायचा नाही. जागेचं नाव होतं, पोस्टकोड नव्हता. 'वेळ: संध्याकाळी'. तिकीट कुठे मिळेल, तर 'नेहमीप्रमाणे'. "आई," ती म्हणाली, "जो आधीपासून येतो त्यालाच हे कळेल."

खरंच आहे की. आपण दरवर्षी या अंकात लिहितो, मुलं येत नाहीत. मीही लिहिलंय, याच पानावर. आणि त्यांनी शोधलं तर सापडू नये अशी चोख व्यवस्था आपणच करून ठेवली आहे. फोनला नावं ठेवायला मी सुरुवात केली होती. आमचा ग्रुप काय वेगळं करतो?

सप्टेंबरच्या नाट्यवाचनाला तिने कमिटीला विचारून एवढंच केलं: इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, तारीख, नेमकी वेळ, पोस्टकोड, तिकिटाचा दुवा, 'मराठीत, सोबत इंग्रजी सारांश', आणि त्या दोन-तीन ठिकाणी टाकल्या, शिवाय एक छापील कागद स्थानिक ग्रंथालयाच्या फळ्यावर लावला. अनोळखी माणसं आली ती सात. हसू नका, सात. एक जोडपं होतं, त्यातला नवरा पोलिश. एक मुलगी होती जिची आजी सांगलीची, आणि जिला मराठी कळतं पण बोलता येत नाही. ती ग्रंथालयातला कागद बघून आली होती, आमच्यापासून दोन बसस्टॉपवर राहते. जन्मापासून.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. कमिटीतले एक काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरचं कार्य असतं आपलं, त्यात बाहेरचे आले की मोकळेपणा जातो." त्यांचं म्हणणं मी टाकून देत नाही. या देशात आठवडाभर आपण बाहेरचे असतो, एक संध्याकाळ तरी आपली असावी असं वाटणाऱ्यांपैकी मीही आहे. शिवाय त्या दिवशी बटाटेवडे कमी पडले आणि ते नेमके काकांनाच मिळाले नाहीत. पण सांगलीच्या आजीची नात घरची की बाहेरची, हे मी त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, बघू, पुढच्या बैठकीत घेऊ. बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो विषय आला आहे, सहावा.

नोव्हेंबरची पाळी लेकीची. कालच तिचा निरोप आला: हॅकनी, शुक्रवार, दरवाजे सात, बँड साडेआठ, पोस्टकोड, तिकिटं काढली आहेत. खाली आणखी एक ओळ होती. "खुर्च्या आहेत. फोन करून विचारलंय. लोणचं आण."