वजन घटते, साखर वाढते तेव्हा

मनोहर पर्रीकर यांचे मार्च २०१९ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले. तोवर हा अवयव बहुतेकांनी मधुमेहाच्या निमित्तानेच ऐकलेला. जठराच्या मागे, कण्यासमोर आडवे पडलेले स्वादुपिंड जेमतेम १५ सेंटीमीटर लांब असते. पाचकरस आतड्यात आणि इन्सुलिन रक्तात सोडणे ही त्याची कामे. ते इतके आत असल्याने लहान गाठ हाताला लागत नाही, सहसा दुखतही नाही. निदान होते तेव्हा शस्त्रक्रियेजोगा रुग्ण पाचांत एखादाच उरतो.

पण ‘हा आजार कळतच नाही’ म्हणून हात झटकणे बरोबर नाही. कधी कधी तो खुणा देतो. आपण त्यांचा भलताच अर्थ लावतो. पन्नाशीनंतर, घरात कोणाला मधुमेह नसताना, साखर वाढते आणि वजन मात्र उतरू लागते. नातेवाईक ‘छान बारीक झालात’ म्हणतात, साखरेची गोळी सुरू होते, विषय संपतो. या वयात नव्याने मधुमेह झालेल्या शंभरांत साधारण एकालाच पुढच्या तीन वर्षांत हा कर्करोग आढळतो. त्यामुळे सरसकट सगळ्यांचा सीटी स्कॅन काढण्यात अर्थ नाही. ज्याचे वजन विनाकारण घटते आहे, त्याला वेगळे काढायला हवे. त्यासाठी जुन्या वजनाचा आकडा लागतो, आणि नेमका तोच अनेकदा केसपेपरवर नसतो.

दुसरी खूण काविळीची. पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागातून जाते. तिथली गाठ तिला दाबते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद, शौच पांढुरके, अंगाला खाज. पोट दुखेलच असे नाही. दुखत नाही म्हणून गावठी औषध आणि पथ्यपाण्यात आठवडे जातात. वास्तविक, गाठ शस्त्रक्रियेच्या आवाक्यात असताना सापडण्याची संधी याच रुग्णांना जास्त असते. अशा काविळीत सोनोग्राफी लगेच व्हावी. मात्र आतड्यातल्या वायूमुळे सोनोग्राफीत स्वादुपिंड नीट दिसत नाही, म्हणून ती ‘नॉर्मल’ आली तरी संशय असल्यास सीटी टाळू नये.

तपासण्यांच्या पॅकेजमध्ये हल्ली ‘सीए १९-९’ ही रक्तचाचणीही असते. निरोगी माणसात कर्करोग शोधायला ती उपयोगाची नाही. साध्या पित्ताच्या अडथळ्यातही ती वाढते, आणि लहान गाठीत नॉर्मल येऊ शकते. अशा रिपोर्टवर निर्धास्त होणारा माणूस सैल झालेल्या पट्ट्याकडे दुर्लक्ष करतो.