जमावाचा राग चालकावर, मालक मात्र मोकळा

यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात उकणी, कोलारपिंपरी, घोन्सा अशा कोळसा खाणी आहेत. कोळशाचे ट्रक ज्या रस्त्याने धावतात त्याच रस्त्याने शेतमजूर सायकलने जातो, पोरे शाळेत जातात. ट्रकखाली कुणी सापडला की जमाव धावतो, काचा फुटतात, चालकाला मारहाण होते. राग खरा आहे. पण तो मालकाच्या दारापर्यंत कधी पोचतो काय?

स्टिअरिंगवर कोण असतो? बहुतेक वेळा कोरडवाहू शेतीतून उठलेला बहुजनांचाच पोरगा. पैसे ट्रिपवर मिळत असतील तर तो झोप मोडून ट्रिपा मारणारच. म्हणजे मेला तोही आपला आणि तुरुंगात गेला तोही आपलाच!

डिसेंबर 2023 मध्ये संसदेने, अपघात करून न कळवता पळणाऱ्या चालकाला 10 वर्षांपर्यंत शिक्षा देणारे कलम मंजूर केले. जानेवारी 2024 मध्ये देशभरातील चालक संपावर गेले, तेव्हा सरकारला ते कलम थांबवावे लागले. चालक पळतो तो अनेकदा जमावाच्या भीतीने. मोटार वाहन कायद्याचे कलम 134 सुद्धा ही भीती मान्य करते. चालक पळाला की जखमी रस्त्यावरच तडफडत राहतो, हे आपण ध्यानात घेत नाही.

जास्त मालाबद्दल याच कायद्याचे कलम 113 स्पष्ट आहे. चालक स्वतः मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकुमाने झाला असे न्यायालय गृहीत धरू शकते. या कलमाचा आग्रह किती मोर्चांनी धरला?

बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 साली कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 झाले. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकांनाही दिवसाला 8 तासांची मर्यादा घातली. ती कागदावरच राहिली.

भगवान बुद्धांनी दुःखाचे कारण शोधायला शिकविले. म्हणून कार्यकर्त्यांनी पुढच्या रास्ता रोकोत चालकावर हात उगारू देऊ नये. आधी जखमीला दवाखान्यात न्यावे. मग पोलिसांकडे काटापावती, ट्रिपांची नोंद आणि मालकाचे नाव मागावे. शाळेच्या वेळेत जड वाहनांना बंदी घालण्याचा अधिकार शासनाला कलम 115 ने आहे, तो वापरण्यास जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यावे. चालकांनीही आपली संघटना बांधून या मागणीत उतरावे. सायकलवाला आणि ट्रकवाला एकमेकांच्या अंगावर जातात तोवर मालकाला कुणाचीच भीती नाही.