दिवेलागणीची दहा मिनिटे

दिवेलागणीला आई देवापुढे निरांजन लावून स्तोत्र म्हणत असे. “नुसता जवळ बैस, काही म्हणू नकोस,” एवढीच तिची अपेक्षा. माझ्या कानाशी फोन असे, ओठांवर ‘उद्या’. गेल्या आषाढात ती गेली.

लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला होता. २३ निरोगी व्यक्तींनी जपमाळेची लॅटिन प्रार्थना किंवा योगमंत्र म्हटला, तेव्हा त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावला आणि रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तत्पर झाली. अभ्यास लहानसा आहे. त्याच्या भरवशावर कोणी रक्तदाबाची गोळी सोडू नये. परंतु आईच्या संथ स्वरातील लांब श्वास मला तो वाचताना प्रथमच ऐकू आला.

आता त्या वेळी फोन स्वयंपाकघरात फळीवर राहतो. लेक शेजारी बसते. प्रार्थनेनंतर शाळेतले रुसवेफुगवे आपणहून सांगते. परवा तिने विचारले, “आजी काय म्हणायची?” दोन ओळींपुढे मला काही आठवेना. उरलेल्या ओळी मावशीकडून उतरवून घेतल्या आहेत.